इरावतीच्या पात्रात अडलेली ठिणगी

१४ फेब्रुवारी १९४५. ब्रह्मदेशात न्याउंगू गावासमोर इरावतीचे पात्र पसरलेले आहे. पश्चिम काठावर ब्रिटिश भारतीय सैन्याची सातवी डिव्हिजन उभी आहे आणि पूर्वेकडच्या कड्यांवर शत्रू आहे. मधल्या वाळूच्या बेटांमुळे होड्यांना सरळ जाता येत नाही. तिरक्या वाटेने दीड किलोमीटरहून अधिक पाणी कापायचे आहे. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या माऱ्याखाली ओलांडलेल्या नद्यांमध्ये हे अंतर सर्वांत लांबचे मानले जाते.

त्या रात्री साउथ लँकशायर रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनची एक कंपनी अंधारात वल्ही मारीत, आवाज न करता, पलीकडे पोचली आणि कड्यावर चढून बसली. शत्रूला चाहूलही लागली नाही. मागून निघालेल्या कंपन्यांच्या होड्यांना मात्र आउटबोर्ड मोटारी लावलेल्या होत्या. काही मोटारी दोरी ओढओढूनही सुरू होईनात, काही मध्येच बंद पडल्या. काही होड्या गळू लागल्या. ठरलेला क्रम मोडला, उशीर झाला आणि तेवढ्यात उजाडले. बंद मोटारींच्या होड्या प्रवाहाबरोबर खाली वाहत जाऊ लागल्या आणि समोरच्या कड्यांवरून मशीनगनचा मारा सुरू झाला.

त्या कड्यांवर कोण होते? तेथे जपानी होतेच, पण न्याउंगू आणि पगान या भागाच्या बचावाची जबाबदारी मुख्यतः आझाद हिंद सेनेच्या चौथ्या गनिमी रेजिमेंटकडे, म्हणजे नेहरू ब्रिगेडकडे होती आणि तिचे प्रमुख होते गुरुबक्षसिंग ढिल्लन. नदीच्या दोन्ही तीरांवर भारतीय सैनिक होते. ही लढाई पुढे पुन्हा येईल. आजच्या धाग्याचा विषय त्या पहाटे हट्टाला पेटलेले, किंवा नेमके सांगायचे तर न पेटलेले, यंत्र आहे. होडीच्या मागच्या फळीला अडकवायची एक मोटार ऐन वेळी सुरू का होत नाही, हा प्रश्न लढाईच्या इतिहासात सहसा एका वाक्यात उरकला जातो. त्या एका वाक्याच्या पोटात शंभर वर्षांचा तंत्रज्ञानाचा इतिहास दडलेला आहे.

पेट्रोलवर चालणाऱ्या कोणत्याही यंत्राला पेट घेण्यासाठी तीन गोष्टी लागतात : हवा आणि इंधन यांचे योग्य मिश्रण, सिलिंडरमधला दाब आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. जुन्या आउटबोर्ड मोटारींच्या बाबतीत पहिल्या दोहोंचा दोष सापडायला सोपा असतो. टाकी रिकामी असेल तर ती दिसते. दाब गेला असेल तर दोरी ओढतानाच हाताला कळते. ठिणगी मात्र चाकाच्या आत, नजरेआड, एका सेकंदाच्या अगदी सूक्ष्म अंशात जन्मते आणि तेथेच विझते. म्हणून जुन्या मेकॅनिकांचा पहिला संशय नेहमी तिच्यावरच असे.

आउटबोर्डची कल्पना पेट्रोलहून जुनी आहे. १८८१ साली गुस्ताव त्रूवे या फ्रेंच संशोधकाने पॅरिसच्या सेन नदीत काढता-घालता येणारी विजेची मोटार लावून होडी चालवून दाखवली होती. बॅटरीवर चालणाऱ्या त्या मोटारीला ठिणगीची गरजच नव्हती. गरज निर्माण झाली ती पेट्रोल यंत्र होडीच्या मागे टांगण्याची कल्पना निघाल्यावर. अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन या कायद्याच्या विद्यार्थ्याने मोटारसायकलचे यंत्र दुरुस्तीसाठी खुर्चीच्या पाठीला अडकवले असताना त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. १९०५ साली त्याने डेट्रॉइट नदीवर आपल्या मोटारीची चाचणी घेतली आणि पुढे ती ‘पोर्टो’ या नावाने विकली.

पण घरोघरी पोचले ते नाव ओले एव्हिनरूड यांचे. १८७७ साली नॉर्वेत जन्मलेला हा मुलगा पाचव्या वर्षी आईवडिलांबरोबर अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये आला आणि मोठा होऊन मिलवॉकीत नमुनाकार यंत्रज्ञ झाला. त्यांची प्रसिद्ध कथा अशी : एका उकाड्याच्या दिवशी तळ्याकाठच्या सहलीत बेस या तरुणीला आइस्क्रीम हवे होते, ओले वल्ही मारीत पलीकडे गेले आणि परत येईपर्यंत ते वितळून गेले. ही कथा इतकी गोड आहे की कंपनीच्या जाहिरात खात्याने ती जपून ठेवली यात नवल नाही. खरी महत्त्वाची गोष्ट बेस यांच्या वाट्याची आहे. विवाहानंतर धंद्याचा पत्रव्यवहार, हिशेब आणि जाहिरात त्यांनी सांभाळली. नवऱ्याचे पहिले यंत्र पाहून हे कॉफी दळायच्या यंत्रासारखे दिसते, असा शेरा त्यांनीच मारला होता म्हणतात. वल्ही मारू नका, फेकून द्या आणि एव्हिनरूड वापरा, या आशयाची त्यांची जाहिरात अमेरिकेत गाजली. न्याउंगूला नेमकी वल्हीच पार झाली आणि मोटारी अडकल्या, हा इतिहासाचा विनोद बेस यांना फारसा रुचला नसता.

१९०९ साली बाजारात आलेले एव्हिनरूडचे पहिले यंत्र एका सिलिंडरचे, दीड अश्वशक्तीचे होते. त्याचे वजन ६२ पौंड, म्हणजे सुमारे २८ किलो आणि किंमत ६२ डॉलर. आणि ठिणगी? ती येई कोरड्या बॅटरीतून. होडीत बॅटरी आणि कॉइलची वेगळी पेटी ठेवावी लागे आणि तेथून मोटारीपर्यंत तारा आणाव्या लागत. पाण्यावरच्या वाहनात ही व्यवस्था किती टिकणार, हे सांगायला नको. होडीच्या तळाशी पाणी साचते, शिंतोडे उडतात, पेटी भिजते, सेल उतरतात. किनाऱ्यापासून दूर असताना बॅटरी संपली तर फेकून न दिलेली वल्ही उपयोगी पडत.

या अडचणीवरचा उपाय दुसऱ्या खंडात तयार होत होता. १८३१ साली मायकेल फॅरडे यांनी दाखवून दिले होते की चुंबकाचे क्षेत्र बदलत राहिले तर जवळच्या तारेच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. याच तत्त्वावर बॅटरीशिवाय ठिणगी देणारे यंत्र म्हणजे मॅग्नेटो. जर्मनीत श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांनी १८८७ साली एका जागी बसवलेल्या यंत्रासाठी मॅग्नेटो तयार केला. १८९७ साली त्यांनी तो तीनचाकी मोटार वाहनावर बसवला. पण या मॅग्नेटोत ठिणगी पाडण्यासाठी सिलिंडरच्या आत हलणारे सांधे लागत, आणि यंत्राचा वेग वाढला की ते सांधे मागे पडत. १९०१-०२ मध्ये बॉश यांचे सहकारी गॉटलोब होनोल्ड यांनी हा गुंता सोडवला. त्यांनी मॅग्नेटोतच उच्च दाबाची वीज निर्माण करून ती एका स्थिर स्पार्क प्लगकडे पाठवली. आज कोणत्याही पेट्रोल गाडीत दिसणारा प्लग हा त्याच वंशातला.

होनोल्ड यांच्या या शोधामुळे युरोप किती अवलंबून झाला होता, हे कळले ऑगस्ट १९१४ मध्ये. ब्रिटनच्या मोटारी, लॉऱ्या आणि विमाने यांच्यासाठी लागणारे मॅग्नेटो मुख्यतः जर्मनीहून येत. युद्ध जाहीर झाले आणि पुरवठा एका दिवसात थांबला. देशात ते बनवणारे कारखाने जवळजवळ नव्हतेच. तळहातावर मावणाऱ्या भागांच्या या यंत्रासाठी ब्रिटनला नवा उद्योग घाईघाईने उभा करावा लागला. तोफा आणि जहाजे यांच्या इतिहासात हे प्रकरण क्वचित येते. माझ्या मते ते पहिल्या महायुद्धाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असायला हवे.

आउटबोर्ड मोटारींमध्ये मॅग्नेटो आला तो फ्लायव्हीलच्या पोटात. यंत्राच्या डोक्यावर आडवे फिरणारे जड चाक असतेच. त्याच्या आतल्या कडेला चुंबक बसवले आणि खाली स्थिर पत्र्यावर कॉइल ठेवली, की चाक फिरेल तितक्या वेळा वीज मिळणार. वेगळी पेटी नको, बॅटरी नको, लांब तारा नकोत. फोर्डच्या १९०८ सालच्या मॉडेल टी मोटारीतही फ्लायव्हीलवर १६ चुंबक बसवून हीच युक्ती केलेली होती. होडीच्या मोटारीत ती विशेष शोभून दिसली, कारण सगळे नाजूक अवयव एका टोपीखाली झाकले गेले.

तरीही भांडण मिटले नव्हते. पत्नीच्या प्रकृतीमुळे ओले यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आपली कंपनी भागीदाराला विकली आणि काही वर्षे धंद्यापासून दूर राहण्याचा करार केला. ती मुदत संपल्यावर १९२०च्या दशकाच्या आरंभी ते ‘एल्टो’ हे नवे, ॲल्युमिनियमचे हलके यंत्र घेऊन परतले. त्यात त्यांनी मुद्दाम पुन्हा बॅटरीची ठिणगी वापरली. एवढ्या अनुभवी माणसाने मागे पाऊल का टाकले? कारण मॅग्नेटोत एक मूलभूत उणीव आहे. चाक जितके वेगाने फिरेल तितकी त्याची ठिणगी जोमदार. आणि यंत्र सुरू करताना चाक फिरवतो तो माणसाचा हात! म्हणजे ठिणगीची सर्वाधिक गरज असते त्याच क्षणी ती सर्वांत अशक्त असते. बॅटरीला मात्र हाताच्या वेगाशी देणेघेणे नाही. एल्टोचे चाक नुसते झटकून फिरवले तरी यंत्र सुरू होई, आणि ग्राहकांना ते फार आवडले.

याच काळात इंडियाना राज्यातल्या जॉन्सन बंधूंनी १९२२ साली ३५ पौंडांचे, दोन सिलिंडरांचे हलके यंत्र आणले आणि त्यात चांगला मॅग्नेटो बसवला. बॅटरी न वागवता सुरू होणारी मोटार लोकांनी उचलून धरली. १९२९ साली एव्हिनरूड, एल्टो आणि लॉकवूड एकत्र आले. पुढे १९३०च्या दशकाच्या मध्यावर जॉन्सनही त्याच छत्राखाली गेले. तोवर बेस १९३३ मध्ये आणि ओले १९३४ मध्ये निवर्तले होते. दुसरे महायुद्ध आले तेव्हा दोस्त सैन्यांच्या होड्यांमागे बहुतांशी याच घराण्यातल्या मोटारी होत्या.

आता चाकाच्या आत डोकावू. कॉइलमध्ये दोन तारा गुंडाळलेल्या असतात. एक जाड आणि थोड्या वेढ्यांची, दुसरी केसासारखी बारीक आणि हजारो वेढ्यांची. चुंबक जवळून जातो तेव्हा जाड तारेत वीज वाहू लागते. तिच्या वाटेत एक लहानसा दरवाजा असतो. त्याला आपल्याकडे गॅरेजात ‘पॉइंट’ म्हणतात. वीज ऐन भरात असताना यंत्राच्या दांड्यावरचा उंचवटा हा दरवाजा ढकलून उघडतो. वीज तुटते, चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि त्या कोसळण्याने बारीक तारेत दहा-वीस हजार व्होल्टचा झटका उठतो. हा झटका प्लगच्या टोकावरची जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची फट ओलांडतो, तीच ठिणगी. पॉइंटला समांतर एक कंडेन्सर जोडलेला असतो. दरवाजा उघडताना वीज तेथेच उडी मारून तो जाळू नये, म्हणून तो तिला क्षणभर पोटात घेतो. एका सिलिंडरच्या टू-स्ट्रोक यंत्राची मिनिटाला ४००० फेऱ्यांची गती धरली, तर हे सगळे नाटक मिनिटाला ४००० वेळा घडते.

तुमच्यापैकी अनेकांनी हे न कळत पाहिलेले आहे. आजोबांची जुनी बजाज चेतक आठवा. पावसाळ्यात किक मारून मारून दम लागला की ते स्कूटर तिरकी करीत, प्लग काढीत, रुमालाने पुसून पुन्हा बसवीत. नाहीच जमले तर कोपऱ्यावरचा मेकॅनिक येऊन निदान सांगे : पेट्रोल येतंय, पण करंट नाही. सुरुवातीच्या चेतकमधला पॉइंटवाला फ्लायव्हील मॅग्नेटो आणि युद्धकाळातल्या होडीच्या मोटारीतला मॅग्नेटो हे चुलत भाऊच होत.

जुनी आउटबोर्ड हाती आली की जाणकार माणूस काय करतो? अमेरिकेत १९६५ पासून जुन्या आउटबोर्ड जपणाऱ्यांची संघटना आहे, आणि अशा छांदिष्टांची तपासणीची रीत इतिहासकाराच्या साधनचिकित्सेची आठवण करून देते. पुरावा हलवण्याआधी तो वाचायचा. प्लग काढून पहिल्यांदा नुसता पाहायचा. तो कोरडा असेल तर दोष इंधनाच्या वाटेत आहे, तिकडे जा. ओला असेल तर इंधन पोचले, पण पेटले नाही. मग ठिणगीकडे वळा. काजळी आणि तेलाने काळवंडलेला असेल तर तोच गुन्हेगार असू शकतो, कारण जुन्या टू-स्ट्रोक यंत्रांत पेट्रोलमध्ये तेलाचे प्रमाण भरपूर असे. कित्येक यंत्रांत दहा भाग पेट्रोलला एक भाग तेल.

मग ठिणगीची प्रत्यक्ष परीक्षा. प्लग तारेला जोडून त्याचे धातूचे अंग यंत्राच्या उघड्या धातूला टेकवायचे, सिलिंडरच्या भोकापासून दूर, कारण तेथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. मग दोरी जोरात ओढायची. निळसर, कडकडीत आवाजाची ठिणगी आली तर मॅग्नेटो निर्दोष. पिवळट, दुबळी आली किंवा आलीच नाही तर दोष आत. हे करताना तार मोकळी लोंबकळत ठेवणे घातक असते. झटक्याला प्लगची वाट मिळाली नाही तर तो कॉइलचे आवरण फोडून वाट काढतो, आणि धडधाकट कॉइल तपासणीतच मरते.

दोष आत असला तरी लगेच चाक उपटायचे नसते. आधी यंत्र बंद करायचे बटण तपासायचे. ते मॅग्नेटोची वीज यंत्राच्या अंगात जिरवून ठिणगी मारते. त्याची तार झिजून कुठे टेकली असेल तर बटण न दाबताच ते काम चालू राहते. मग प्लगकडे जाणारी जाड तार. तिचे रबर वर्षानुवर्षांच्या ऊनपाण्याने तडकते. ती अंधारात तपासणे उत्तम : तडा असेल तर तारेवरून निळे कवडसे सरपटताना दिसतात.

एवढ्याने भागले नाही तर चाक काढावे लागते. खाली पहिली नजर पॉइंटवर. वर्षभर नुसत्या पडून राहिलेल्या यंत्रातही त्यावर गंजासारखा पातळ थर चढतो आणि तेवढ्याने वीज अडते. बारीक कागदाने किंवा कानशीने तो साफ करायचा, कागदाच्या स्वच्छ पट्टीने पुसायचा आणि उघडल्यावरची फट पातीच्या गेजने मोजायची. बहुतेक जुन्या अमेरिकन यंत्रांत ती ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. एवढीशी फट कमीजास्त झाली तरी ठिणगीची वेळ सरकते. पॉइंट काळे, जळालेले, एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकडी असे दिसले तर खरा रोग कंडेन्सरचा असतो. पॉइंट नुसते घासून बसवले तर महिनाभरात ते पुन्हा जळतात. लक्षण आणि कारण यांतला हा फरक ज्याला कळला, तो अर्धा मेकॅनिक झाला.

कॉइलचा आजार सर्वांत फसवा. त्या काळची आवरणे कागद, कापड, मेण आणि लाख यांची असत. त्यांत ओल शिरते किंवा उष्णतेने चीर पडते. अशी कॉइल थंड असताना व्यवस्थित ठिणगी देते. यंत्र दहा मिनिटे चालून तापले की चीर उघडते, वीज गळते आणि यंत्र बंद पडते. थंड झाले की पुन्हा सुरू! काठावर परीक्षा उत्तीर्ण आणि मध्यप्रवाहात नापास, असा हा विद्यार्थी. युद्धानंतरच्या एव्हिनरूड-जॉन्सन मोटारींच्या कॉइल तडकण्यासाठी इतक्या बदनाम आहेत की आजचे छांदिष्ट त्या न तपासताच बदलतात.

आणखी दोन गोष्टी. फ्लायव्हील आणि दांडा यांना नेमक्या कोनात धरून ठेवणारी धातूची एक लहान चावी असते. चाक सैल राहिले आणि यंत्राने झटका दिला तर ती कापली जाते, चाक काही अंश सरकते. ठिणगी सुंदर पडते, पण चुकीच्या वेळी. यंत्र उलटे झटके देते, पण चालत नाही. दुसरी गोष्ट चुंबकाची. जुन्या पोलादी चुंबकांची शक्ती काळाने आणि आघाताने ओसरते. या बाबतीत क्रांती घडवली जपानी धातुशास्त्रज्ञांनी. कोतारो होंडा यांनी १९१७ मध्ये कोबाल्टयुक्त चुंबकीय पोलाद शोधले आणि तोकुशिची मिशिमा यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी ॲल्युमिनियम-निकेलयुक्त मिश्रधातू. अल्निको नावाने जगभर पसरलेले प्रबळ चुंबक याच दुसऱ्या धातूच्या कुळातले.

आता ही सगळी तपासणी रात्रीच्या अंधारात, पावसात आणि गोळीबारात करायची आहे, अशी कल्पना करा.

इरावतीच्या पाच महिने आधी हेच घडले होते. सप्टेंबर १९४४ मध्ये हॉलंडमधील आर्न्हेमची मोहीम फसली. ब्रिटिश पहिल्या हवाई डिव्हिजनचे उरलेसुरले सैनिक ओस्टरबेक येथे ऱ्हाइनच्या उत्तर तीरावर कोंडले गेले. २५ सप्टेंबरच्या रात्री त्यांना नदीपार आणण्याचे काम प्रामुख्याने मेजर मायकेल टकर यांच्या कॅनेडियन तेविसाव्या फील्ड कंपनीकडे आले. त्यांच्याजवळ प्लायवुडच्या ‘स्टॉर्मबोट’ होत्या, मागे ५० अश्वशक्तीच्या एव्हिनरूड मोटारी. मुसळधार पाऊस पडत होता. त्याने सैनिकांची माघार लपवली, पण त्याच पावसाने मोटारींचा घात केला. पाणी विजेच्या भागांत शिरू लागले आणि एकेक यंत्र बंद पडू लागले.

पाण्याने असे का होते? दहा-वीस हजार व्होल्टच्या झटक्याला दोन वाटा दिसतात : एक प्लगच्या आत, दाबलेल्या वायूतून जाणारी अवघड फट आणि दुसरी प्लगच्या बाहेरच्या चिनी मातीवर साचलेला ओला पापुद्रा. तो सोपी वाट धरतो. आत ठिणगीच पडत नाही. माणूस पुन्हा दोरी ओढतो. प्रत्येक ओढीसरशी यंत्र आणखी पेट्रोल-तेल आत घेते, आतून प्लग भिजतो, म्हणजे आता दोन्हीकडून ओला. हात थकतो, ओढ मंदावते, आणि मॅग्नेटोची ठिणगी हाताच्या वेगावर अवलंबून असल्यामुळे ती आणखी क्षीण होते. ओले एव्हिनरूड यांनी एल्टोमध्ये टाळू पाहिलेली अडचण ती हीच. उपाय ठाऊक असतो : इंधन बंद करा, प्लग काढा, रिकामे यंत्र चार-सहा वेळा फिरवून आतले पेट्रोल बाहेर काढा, प्लग सुकवा. पाच मिनिटांचे काम. त्या रात्री पाच मिनिटांत एक होडी ऱ्हाइन ओलांडून येत असे.

तरीही कॅनेडियनांनी सुमारे दीडशे खेपा केल्या. पहाटेपर्यंत २३९८ सैनिक दक्षिण तीरावर आले. जवळपास तीनशे उत्तर तीरावरच राहिले. उजाडल्यावर होड्या पाठवणे अशक्य झाले होते.

न्याउंगूला पाऊस नव्हता, कोरडा फेब्रुवारी होता. पण चौथ्या कोअरचे सामान गंगाव खोऱ्यातून शेकडो किलोमीटरच्या कच्च्या, धुळीच्या रस्त्याने आदळत आलेले होते आणि नदी ओलांडण्याच्या साधनांचा चौदाव्या सेनेकडे कमालीचा तुटवडा होता. युरोपला जे मिळे, त्यातले उरलेले ब्रह्मदेशाला येई. सेनापती विल्यम स्लिम यांनी १९५६ सालच्या ‘डिफीट इंटू व्हिक्टरी’ या ग्रंथात नमूद केले आहे की इतक्या तुटपुंज्या साधनांनी एवढी मोठी नदी शत्रूसमोर ओलांडण्याचा प्रयत्न कोणत्याही आधुनिक सैन्याने केला नसावा. धूळ, धक्के, झिजलेली यंत्रे आणि सुटे भाग नाहीत. पॉइंट, तारा आणि प्लग यांचे शत्रू मोजायचे झाले तर ही यादी पुरेशी आहे.

साउथ लँकशायरच्या उरलेल्या कंपन्यांना जबर हानी सोसून मागे यावे लागले. वल्ह्यांनी गेलेली एक कंपनी पलीकडे एकटी उरली. मग सकाळी नदीच्या या तीरावरून रणगाडे आणि तोफा यांनी कड्यांवर मारा केला, वरून विमानांनी. त्याच्या आडोशाने पंधराव्या पंजाब रेजिमेंटची चौथी बटालियन नदीपार झाली. या वेळी होड्या पोचल्या. संध्याकाळपर्यंत पूर्व तीरावर पाय रोवले गेले होते.

न्याउंगूच्या कड्यांवरील आझाद हिंद सेनेच्या तुकडीला अखेर शरण जावे लागले. पगानबद्दल स्लिम लिहितात की पांढरे निशाण लावलेली एक छोटी होडी पलीकडून आली आणि तीतल्या दोघांनी जपानी निघून गेल्याचे सांगितले. जेत्याच्या लेखणीतून उतरलेला हा प्रसंग तेवढ्याच सावधपणे वाचावा. ढिल्लन यांच्या माणसांकडे तोफखाना नव्हता, विमाने नव्हती, पुरेसा दारूगोळा नव्हता. पहाटे काही काळ त्यांच्या मशीनगनी नदीवर राज्य करीत होत्या, हे शत्रूच्याच वृत्तांतांतून दिसते. पुढे ते उरलेल्या सैनिकांसह पोपा पर्वताकडे गेले आणि तेथून लढत राहिले.

न्याउंगूच्या पुलमोर्च्यावरून सतरावी भारतीय डिव्हिजन आणि रणगाडे आठवड्याभरात पुढे सरकले आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात मेइक्टिला पडले. मध्य ब्रह्मदेशातील जपानी सैन्याची रसद तेथे तुटली. ढिल्लन, शाहनवाज खान आणि प्रेमकुमार सहगल यांच्यावर नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात खटला उभा राहिला. भुलाभाई देसाई यांनी त्यांची बाजू मांडली. जन्मठेपेची शिक्षा झाली, ती सरसेनापती ऑकिनलेक यांना जानेवारी १९४६ मध्ये माफ करावी लागली. त्या खटल्याचे कामकाज आणि इरावतीची लढाई ढिल्लन यांच्या बाजूने कशी दिसत होती, हे पुढच्या धाग्यात पाहू.